पुठ्ठ्यावरचा समुद्र

सरावलीच्या आमच्या दोन खोल्यांत दर बुधवारी संध्याकाळी शास्त्रपाठ भरायचा. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी संपवून घरी यायचे, हातांचं ग्रीस रॉकेलने काढायचे, मग रॉकेल साबणाने काढायचे आणि बायबल उघडायचे. तरी पानांना तो वास लागायचाच. ते बायबल आता माझ्याकडे आहे. खरं सांगायचं तर कधी कधी मी ते वाचायला नाही, नुसतं हुंगायला उघडते.

मी तेरा वर्षांची असताना बाबांनी बायबलातलं शेवटचं, जगाच्या अंताचं पुस्तक शिकवायला घेतलं. सात डोक्यांचा पशू, शिक्के, कर्णे, आकाशातून पडणारे तारे. पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने बसायची, बहुतेक कामगार. भीतीच्या गोष्टी कुणाला आवडत नाहीत? नाल्याचं पाणी लाल दिसलं की एक वेल्डरकाका हळूच विचारायचे, "भाईसाब, ये वही है ना, जो लिखा है?" बाबा त्यांना समजवायचे, की हा कापड रंगवायच्या कारखान्याचा रंग आहे, त्याची तक्रार करायची असते, जगबुडीची वाट बघायची नसते.

बाबांचं शिकवणंही फिटरचंच होतं. दृष्टान्त हा ड्रॉइंगसारखा वाचायचा, असं ते म्हणायचे. कागदावरची खूण म्हणजे ती वस्तू नव्हे. आधी खुणांची यादी बघा, मग पाइपाला हात लावा. तशी यादी त्यांनी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर निळ्या मार्करने लिहून भिंतीला टांगली होती. शिंग म्हणजे सत्ता. समई म्हणजे ख्रिस्ती मंडळी. सात म्हणजे पूर्ण. समुद्र म्हणजे भय आणि गोंधळ. मला तो पुठ्ठा तोंडपाठ होता, आणि तो तोंडपाठ आहे हे सगळ्यांना कळावं याची मी पुरेपूर काळजी घ्यायची. उथळ पाण्याला खळखळाट फार.

दारात एक मावशी बसायची. किनाऱ्यावरच्या दांडी गावची, मासे विकणारी. दिवसभर सरावली आणि बेटेगाव पालथं घातल्यावर परतीच्या गाडीला वेळ असायचा, म्हणून रिकामी पाटी बाहेर ठेवून आमच्या उंबऱ्यावर टेकायची. "मी देवाचा आयकाला नाय येत," ती आईला बजावायची, "तुमचा पंखा बरा हाय." तिच्या घरी तिचे देव होते, आणि बाबांनी त्यात कधी नाक खुपसलं नाही. आई तिला चहा द्यायची आणि ती आईला उरलेले बोंबील.

एका बुधवारी बाबांनी वाचलं, की शेवटी समुद्र आपल्या पोटातले मेलेले परत देईल. मावशीचा कप हातातच राहिला. तिचा नवरा वादळात बोटीसकट गेला होता, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. काहीच परत आलं नव्हतं, एक फळीसुद्धा नाही. घरच्यांनी गवताचा पुतळा करून त्याला अग्नी दिला होता. तेव्हापासून नारळी पुनवेला मावशी दर्याला नारळ वाहायची नाही. "आमचा बोलना नाय आता," असं ती सांगायची, भांडलेल्या जावेबद्दल सांगावं तसं.

"माजा मानूस पन देल काय?" तिने बाबांना विचारलं.

बाबांच्या आधी माझा हात वर गेला. "मावशी, तो खरा समुद्र नाही. ते नुसतं चिन्ह आहे," मी म्हणाले आणि पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

मावशीने पुठ्ठ्याकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. "असा हाय काय," म्हणाली, चहा संपवला, पाटी उचलली आणि गेली. मला वाटलं, आता बाबा पाठ थोपटतील. त्यांनी बायबल मिटलं.

पुढचे तीन बुधवार उंबरा रिकामा राहिला. चौथ्या आठवड्यात रविवारची उपासना झाल्यावर बाबांनी मला रिक्षात बसवलं आणि दांडीला नेलं. वाटेत त्यांनी विचारलं, "ड्रॉइंगमध्ये तुटक रेघ कशाची असते?"

"भिंतीआडच्या पाइपाची." हेही मला पाठ होतं.

"म्हणजे पाइप नसतो?"

मी रिक्षाबाहेर बघायला लागले.

"असतो. दिसत नाही, म्हणून रेघ तुटक काढतात. तू तिला सांगितलंस, पाइपच नाही."

मला रडू आलं. बाबांनी ते बघितलं आणि रडू दिलं.

मावशी बांबूंना बांधलेल्या दोरांवर बोंबील वाळत घालत होती. आम्हाला बघून तिने हात थांबवले नाहीत. बाबा उभ्यानेच बोलले. ज्याला तो दृष्टान्त झाला तो एका बेटावर कैदेत होता, त्याची सगळी माणसं पाण्यापलीकडे. रोज उठून समुद्रच बघायचा. म्हणून त्याने पुढे असंही लिहिलं, की नव्या जगात समुद्र नसेल. आपल्या माणसापासून अडवणारं काही उरणार नाही, असं त्याला म्हणायचं होतं. "तुमचा माणूस कसा परत येईल, ते मला सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "पण पोरगी चुकली. ते नुसतं चिन्ह नाही."

मावशीने एक बोंबील हातात तसाच धरून विचार केला. "दर्याच नसनार? मंग आमी तिते करनार काय?"

बाबा हसले, मग तीही हसली.

"दर्याला आसू दे," ती म्हणाली. "माजा मानूस तेवडा देऊ दे."

मी तिची माफी मागितली का, ते आठवत नाही. मागितली असणार, असं इतकी वर्षं धरून चालले आहे. घरी आल्यावर बाबांनी समुद्राची ओळ ब्लेडने खरवडून काढली आणि तिथे दुसरं काही लिहिलं नाही. बुधवारी मावशी उंबऱ्यावर होती. पंख्याला धूळ बसलीय, म्हणून तिने आईला टोमणाही मारला.

आता मी पालघरला राहते आणि रविवारी मुलांना शिकवते. मुलं मोबाइलवर शोधून पशूचा अर्थ माझ्याआधी सांगतात. त्यांचे वर गेलेले हात बघून मला हसू येतं, आणि थोडी धास्तीही वाटते.

गेल्या वर्षी बाबा गेले. मातीला मावशी आली होती, पार थकलेली, सुनेचा हात धरून. सगळे जण मला धीराची वचनं सांगत होते. ती सगळी मला पाठ होती आणि एकही उपयोगी पडत नव्हतं. मावशी शेजारी येऊन बसली, तेव्हा लहान पोरीसारखं मीच तिला विचारलं, "मावशी, बाबा भेटतील ना गं?"

"भेटतील," ती म्हणाली. "तुज्या बानंच वाचलेला ना? दर्या देल, जमीन पन देल. मी वाट बगतेच हाय. आता तू पन बग."

या वेळी मी तिला काही समजावून सांगितलं नाही.