कुलूपराव आणि गार झालेला चहा

आमच्या ह्यांना बुद्धिबळाच्या मंडळात कुणी खऱ्या नावानं हाक मारत नसे. तिथे ते कुलूपराव. हे नाव शिंपीदादांनी ठेवलं. एकदा सबंध दुपार ह्यांच्यासमोर बसून, नाना युक्त्या लढवूनही डाव बरोबरीतच सुटला, तेव्हा शिंपीदादा गळ्यातली टेप सारखी करत म्हणाले, "हा माणूस नाही हो, कुलूप आहे. आणि किल्ली ह्यानं स्वतःच गिळलीय."

वर्षानुवर्षं मंडळाचं विजेतेपद ह्यांच्याकडेच असे. मात्र ते जिंकत कमी आणि हरत जवळजवळ नसत. चांगले खेळणारे एकमेकांना पाडत राहायचे आणि हे त्या सगळ्यांशी बरोबरी करून अलगद वर यायचे. उतावळ्यांचं निराळं होतं. ते कंटाळून काहीतरी वेडेपणा करत आणि तो डाव ह्यांच्या पदरात पडे. एका वर्षी स्थानिक पेपरात मथळा आला, 'यंदाही विजेतेपद कुलूपबंद'. मी तो कापून माझ्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर डकवला. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि विचारलं, "कौतुक आहे की टोमणा?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग बरोबरी," असं म्हणून ते आंघोळीला गेले.

पोटापाण्यासाठी ते लिफ्ट दुरुस्त करत. कचेऱ्या, दवाखाने, मोठमोठ्या दुकानांच्या इमारती, सगळीकडे त्यांची फेरी असे. लिफ्टचा दोर ते दिव्याखाली धरून इंच इंच बघत. एखादी जरी तार उसवलेली दिसली तरी लिफ्ट बंद करून दारावर पाटी लावत आणि मग मॅनेजरपासून चपराशापर्यंत सगळ्यांची बोलणी शांतपणे खात. एकदा मी विचारलं, "अहो, लोक एवढं बोलतात, तुम्हाला काहीच वाटत नाही?" ते म्हणाले, "अडकलेल्या लिफ्टला लोक शिव्या देतात. पण जिवंत राहून देतात ना?" स्वतः मात्र कुठेही गेले तरी जिन्यानं चढत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही म्हणूनच बाबांनी हे घर घेतलं, असं आमची लेक चिडवायची.

मंडळ भरायचं वाचनालयाच्या वरच्या खोलीत. लाकडी जिना, रस्त्याकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या, मधोमध घासून गुळगुळीत झालेली टेबलं. त्या खोलीतला एक रिवाज मला फार आवडे. जो बरोबरी मागेल त्यानं खोलीतल्या सगळ्यांना चहा पाजायचा. त्यामुळे कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं ह्यांच्यावर फार प्रेम. "तुमची तब्येत सांभाळा साहेब," तो म्हणायचा, "तुम्ही जिंकायला लागलात तर माझी किटली उपाशी मरेल."

मी बहुतेक रविवारी विणकाम घेऊन मागच्या बाकावर बसे. सुया आणि लोकर मला मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी हाती दिली आणि डायरीही त्यांनीच. दोन्ही सुटलं नाही. पटावरचं मला अर्धंच कळे, पण ह्यांचं पूर्ण कळे. प्रत्येक खेळी ते कागदावर टिपत. बरोबरी मनात ठरली की पेनाला टोपण घालत, सावकाश, फिरवून फिरवून. टोपण बसलं की मी लोकर गुंडाळायला घेई. घरी जायची वेळ झालेली असे.

मग वाचनालयाला नवे कार्यवाह आले. उत्साही गृहस्थ. त्यांना वरच्या खोलीत टेबल टेनिस हवं होतं. पोरं येतील, गजबज होईल, वाचनालयाचं नाव होईल. ते एकदा वर आले, सगळ्या वाकलेल्या माना बघितल्या आणि म्हणाले, "इथे कुणी जिवंत आहे का?"

"आहे की," शिंपीदादा म्हणाले, "पण खेळी आली की सांगू."

कार्यवाहांना हसू आलं नाही. त्यांनी स्पष्टच सांगितलं. शेजारच्या शहराशी दरवर्षी सामना होतो, त्याची ढाल कित्येक वर्षांत इकडे आलेली नाही. यंदा ती खाली वाचनालयाच्या कपाटात आणून ठेवा, खोली तुमची. नाहीतर नव्या वर्षापासून टेबल टेनिस. जाता जाता ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "बरोबरीला ढाल मिळत नाही, कुलूपराव."

रात्री जेवताना हे म्हणाले, "खोली गेली तर रविवारी मी काय करू गं?" त्यांच्या आयुष्यात नोकरी, आम्ही दोघी आणि ती खोली, एवढंच होतं.

सामना आमच्याच खोलीत झाला. दोन्हीकडचे पाच पाच जण. ह्यांच्यासमोर पाहुण्यांचे पहिले खेळाडू, दातांचे डॉक्टर. उंच, हसतमुख, खेळीही अशी झटकन करायचे की जणू दातच उपटताहेत. संध्याकाळपर्यंत बाकीचे चार डाव संपले. दोन आम्ही जिंकलो, दोन ते. ह्यांचा डाव बरोबरीत सुटला असता तर सामनाही बरोबरीत, आणि नियम असा की तसं झालं तर ढाल गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडे, म्हणजे त्यांच्याचकडे राहणार. आम्हाला जिंकणं भाग होतं.

पटावरचे दोन्ही वजीर कधीच मारले गेले होते. दोघांकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरलेली. शिंपीदादा माझ्याशेजारी येऊन बसले. "वहिनी, हे तर ह्यांचं माहेर," ते हळूच म्हणाले. "असल्या पटावर हा माणूस आयुष्यात जिंकलेला नाही, आणि हरलेलाही."

डॉक्टरांनी राजा एक घर मागे घेतला, खुर्चीत रेलले आणि हात पुढे केला. "काय कुलूपराव, मिटवायचं?" उत्तराची वाट न बघताच त्यांनी दाराकडे बोट वर केलं. चहावाला किटली घेऊन उभाच होता. ह्यांनी आजवर समोरून आलेली बरोबरी नाकारल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. आमच्या बाजूच्या माना खाली गेल्या. कुणीतरी खिडक्या लावायला उठलं. चहाचे दोन कप पटाच्या कडेला येऊन बसले. मीही, सवयीनं, लोकर गुंडाळायला घेतली.

ह्यांनी पेन उचललं. डॉक्टरांचा हात पुढे आला तेव्हाच त्यांनी त्याला टोपण घातलं होतं. मी बघत होते. त्यांनी ते काढलं आणि शेजारी ठेवलं.

"तुम्ही घ्या चहा," ते डॉक्टरांना म्हणाले. "मी जरा खेळतो."

आणि त्यांनी हत्तीनं शह देऊन हत्तीला हत्ती देऊ केला. डॉक्टर हसले. ही तर ह्यांची नेहमीचीच चाल, मोहरे कमी करायचे आणि डाव थंड करायचा. हत्ती गेले. खोलीत कुणीतरी "झालं" म्हणालं. पण डॉक्टरांचं हसू हळूहळू विरत गेलं. डाव मिटलाच आहे असं धरून त्यांनी राजा न बघता मागे घेतला होता, आणि आता तो एका पावलानं मागे पडला होता. ह्यांचा राजा चालू लागला. कसलीही घाई नाही, जिन्यानं चढावं तसा एक एक घर. एक प्यादं गेलं, मग दुसरं. कप तसेच होते, चहावर साय धरली. शेवटी डॉक्टरांनी आपला राजा आडवा केला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही तर बरोबरी घेता!"

"घेतो ना," हे ओशाळून म्हणाले. "आज जमण्यासारखं नव्हतं."

त्या रात्री मी डायरीत लिहिलं, 'ह्यांनी टोपण काढलं.' बाकी काही लिहावंसं वाटलं नाही.

ढाल कपाटात गेली, खोली राहिली. कार्यवाहांनी हारसुद्धा घातला. पण त्या एका डावानं ह्यांची सगळी घडी विस्कटली. पुढच्या वर्षी कुणी त्यांना बरोबरी देईना. सगळे शेवटच्या प्याद्यापर्यंत डोळ्यांत तेल घालून खेळायचे. वेडेपणा करणारेही शहाणे झाले. विजेतेपद शिंपीदादांकडे गेलं आणि पुन्हा कधी परत आलं नाही. "इतकी वर्षं लोक मला भित्रा समजायचे, किती आराम होता," हे मोजे काढता काढता म्हणाले. "माझं कुलूप मीच फोडलं गं." मी म्हटलं, "खोली कुणी वाचवली?" तर म्हणाले, "म्हणून तर तक्रार करत नाही. फक्त सांगतोय."

त्यानंतरही शेवटचं आजारपण येईपर्यंत प्रत्येक रविवारी ते जिना चढले. हरायलाही शिकले, आणि चहा पाजायचे ते पाजतच राहिले.

परवा शिंपीदादा घरी आले होते. आता काठी घेऊन चालतात. मंडळाला ह्यांच्या नावानं बक्षीस ठेवायचं आहे. "वहिनी, तो डॉक्टरांचा डाव अजून पोरांना दाखवतो आम्ही," ते म्हणाले. "वर्षातल्या सर्वांत सुंदर विजयाला बक्षीस द्यायचं, असं ठरतंय."

"एवढ्या वर्षांत ह्यांचा एकच डाव आठवतो का तुम्हाला?"

"बाकीचे कसे आठवणार? सगळे सारखेच!" आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी डोळे पुसले. "खरं सांगू का? त्याच्याशी बरोबरी करून घरी गेलं की झोप छान लागायची. कुणी कुणाला दुखवलेलं नसायचं."

"मग बक्षीस बरोबरीला द्या," मी म्हटलं. "वर्षातली सर्वांत चिवट बरोबरी. दोघांनाही."

शिंपीदादांनी काठीवर हनुवटी टेकून विचार केला. "आणि द्यायचं काय?"

मी आत गेले. फडताळात ह्यांच्या आवडीचे निळ्या काठाचे दोन कप होते, आम्ही दोघं सकाळी त्यातच चहा घ्यायचो. त्यातला एक हल्ली नुसताच बसून असतो. मी दोन्ही धुतले, पुसले, कागदात गुंडाळले आणि त्यांच्या पिशवीत ठेवले.

"सांभाळून न्या," मी म्हटलं. "जिन्यानं."