आक्काच्या लेकाची पाटलोण

मी मुळात बुटका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरनं घडलं. नाही, हे पण खोटंच. बुटकेपणानं काही घडलं नाही. घडलं ते माझ्या मनातल्या घाणीनं. लाज सांगायला बसलोच आहे तर सरळ सांगावी.

लढाईचे दिवस होते. वडगावात सूत यायचं जवळजवळ बंद झालं आणि घरोघरचे माग थंडावले. आमच्या मागाच्या खड्ड्यात बायको कांदे ठेवायला लागली. मला थोडंफार इंग्रजी येत होतं, तेवढ्यावर कॅम्पातल्या एका कंत्राटदाराच्या कचेरीत कारकुनी मिळाली. हेडक्लार्क म्हणाला, "सोमवारी पाटलोण घालून या. इथं साहेबलोक येतात, धोतर चालायचं नाही." आता पाटलोण आणायची कुठून? कापड रेशनवर गेलेलं. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणण्यात गेल्या, आणि माझ्या दोन तंगड्या झाकायला घरात जाड कापड नव्हतं.

तीन घरं सोडून एक विधवा बाई राहायची. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. तिचा एकुलता एक लेक पलटणीत भरती होऊन समुद्रापलीकडं गेलेला. दोन वर्षं झाली होती, आणि अलीकडं त्याचं पत्रही येत नव्हतं. जायच्या आधी त्यानं कॅम्पातल्या शिंप्याकडनं एक पाटलोण शिवून घेतली होती. आक्कानं ती कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत जपली होती. माझी अडचण तिच्या कानावर गेली आणि ती स्वतःच पाटलोण घेऊन दारात आली.

"घाल रं. पडून हाय नुसती," ती म्हणाली. "लांब हुईल तुला, तर आत दुमडून घे. पर कात्री लावू नगो. त्यो आला की हीच घालून देवाला जायचं हाय त्याला."

"न्हाय लावत आक्का. आईची आण," मी म्हणालो.

तो पोरगा हा उंच. दारातनं आत येताना वाकायचा. पाटलोण माझ्या पायात चांगली वीतभर जास्त झाली. बायकोनं ती आत दुमडून साडीच्या सुतानं टाके घातले, तरी दुमड फुगायचीच. मग मी अक्कल चालवली. सूत ताठ करायला आम्ही विणकर त्याला पिठाची खळ लावतो. तीच खळ शिजवून दुमडीच्या आत चोपडली आणि तांब्यात निखारे घालून वरनं फिरवला. पाटलोण अशी कडक झाली की भिंतीला टेकवली असती तर उभी राहिली असती. शिंप्याला एक पैसा न देता काम झालं म्हणून मी दिवसभर मिरवलो.

दोन-तीन महिने तसेच निघाले. पाटलोण धुतली की परत खळ, परत तांब्या. मग एकदा कचेरीत जाताना वाटेत ओढ्याच्या पाण्यात पाय गेला. खळ भिजली, टाके तुटले, आणि हेडक्लार्कपुढं उभा असतानाच उजवा पायचा सुटून चपलेवर आला. वर आंबूस वास. शिपाई म्हणाला, "रावसाहेबांचा एक पाय अजून वडगावातच हाय बघा." सगळी कचेरी हसली. हेडक्लार्कही हसला. मी पण हसल्यासारखं केलं.

घरी आलो तो डोक्यात राख घालूनच. पाटलोण काढली, जमिनीवर पसरली आणि कात्री घेतली.

बायको म्हणाली, "अहो, आक्काला इचारा तरी. ती न्हाय म्हणायची न्हाय कदाचित."

"तू गप बस," मी खेकसलो.

विचारायला गेलो असतो तर तिनं 'त्यो आल्यावर काय घालंल?' असं म्हटलं असतं, आणि तेच मला ऐकायचं नव्हतं. कारण त्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीत एकाच्या घरी पलटणीतला पोरगा गेल्याची तार आली होती. आपल्या गल्लीतही येणार, आज नाही तर उद्या, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तो आता येत नाही. मग पाटलोणीची लांबी ठेवायची कुणासाठी? हे बायकोला बोललो नाही. पण कात्री चालवली ती याच भरवशावर. दोन्ही पायचे कापले, बायकोनं मुकाट्यानं शिवून दिले, आणि पाटलोण मला झकास बसली. रोज आक्काच्या दारावरनं ती घालून जायचो. ती म्हणायची, "बरी दिसतीया रं तुला."

लढाई संपली आणि तो आला. नुसती हाडं राहिली होती, पण आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्का पाटलोण मागायला दारात. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी घडी करून तिच्या हातात दिली. वर ती म्हणते, "तूबी चल, देवाला जाऊ सगळी."

गेलो. तो पाटलोण घालून सोप्यात आला. पाटलोण नडगीवर संपत होती. आक्का बघतच राहिली. मग तिचा चेहरा फुलला. जमलेल्या बायकांना म्हणाली, "बघा गं! माझा ल्योक वाढला की. वाळलाय, पर उंच झालाय."

त्यानं वाकून पायचा उलटा केला. आतली साडीच्या सुताची शिवण बघितली आणि माझ्याकडं बघितलं. मग आईला म्हणाला, "व्हय आई. तिकडं वाढलो."

आक्का माझ्याकडं वळली. "तू सांग रं, तुम्ही बरोबरीची पोरं. झालाय का न्हाय उंच?"

"झालाय की आक्का," मी म्हणालो. आजही तो आवाज माझ्या कानात आला की तोंड लपवावंसं वाटतं.

आक्का ताट घेऊन पुढं झाली. उंबऱ्यापाशी तो थांबला. हळू आवाजात विचारलं, "कवा कापलीस?"

"गेल्या साली. दिवाळीच्या आदी."



"तवा मी जित्ता हुतो रं," तो म्हणाला, आणि दारातनं वाकून आईच्या मागं निघाला.