खाली गाडी

डिझेलचा वास आला, की डिचोलीजवळचा तो पूल लाल धुळीत तरंगताना दिसतो. मी पोलिसाला फसवले, ही लोकांची कथा साफ खोटी आहे. मी एक बंद पडलेला ट्रक माझ्या ट्रकला साखळीने बांधून आणत होतो; पुलावरून रिकामा ट्रकच ओढून न्यावा, असा नियम होता. पुलावरच्या पोलिसाने विचारले, "मागली गाडी खाली मरे?" तो ट्रक अजून उताराच्या पायथ्याशी होता, म्हणून मी म्हणालो, "खाली." साखळीमागून खनिजाने भरलेला ट्रक वर आला, तसा पोलीस लायसन मागत गरजला, "माका फसयता? लायसन हांगा दवर." त्याच्या बोलीत 'खाली' म्हणजे रिकामी, हे मला तेव्हा कळले. लायसन म्हणजे माझी भाकरी. मी फावडे उचलले आणि नदी तांबूस होईपर्यंत खनिज पाण्यात उतरवले. "बघा, खाली." त्याने हसून लायसन परत दिले. आज या वयातही बजावतो: त्याने शब्द चुकीचा ऐकला, तरी मी तो खरा केला.