काढ्याच्या नोटिशीतली राहिलेली ओळ

अनया, ईशान,

माझं शेवटचं पोस्टिंग ईशान्येकडच्या जंगलातल्या एका मिलिटरी हॉस्पिटलला होतं. मी तिथे मेट्रन होते, हुद्दा लेफ्टनंट कर्नल. गोळी लागून आलेल्यांपेक्षा मलेरियाने आलेले जवान जास्त असत. तुम्ही फोनवर मला माझ्या लढाईबद्दल विचारलंत. माझी लढाई बहुतेक थर्मामीटर आणि रक्ताच्या काचपट्ट्यांशी होती.

दर रविवारी सकाळी सात वाजता गोळीची परेड असे. नाव पुकारायचं, हातावर मलेरियाची गोळी ठेवायची, पाण्याचा घोट, मग हुकूम : "तोंड उघड. जीभ वर." रजेवर जाणाऱ्याला चार गोळ्यांचं पाकीट मिळे. जंगल सोडल्यावरही चार रविवार गोळी घ्यायची असते. अंगात लपलेला ताप नंतर उठतो.

शेजारच्या कंपनीत हवालदार सुखदेव इंगळे होते, चिखली तालुक्यातल्या उंद्रीचे. मीही त्याच बुलढाणा जिल्ह्यातली, मोताळ्याची, हे कळल्यापासून ते माझ्याशी फक्त वऱ्हाडीत बोलत. त्यांची आई अंजनाबाई गुळवेल, काडेचिराईत आणि सातविणीची साल कुटून पुड्या पाठवायची. इंगळे रोज सकाळी पातेलंभर काढा उकळत आणि अख्ख्या प्लाटूनला पाजत.

"इंगळे, याला डास तरी तोंड लावतील का?" मी एकदा विचारलं.

"म्हनूनच तं पाजतो मॅडम. कडू रगत त्याले आवडत नाई."

एकदा एक जवान काढा पिऊन ओकला. कमांडिंग ऑफिसरनी आमच्या मेजर डॉक्टरांना हुकूम दिला : काढा तपासा. मेजरनी दहा-दहा जवानांचे दोन सेक्शन घेतले. एकाने काढा प्यायचा, दुसऱ्याने नाही. सहा आठवडे मी दोघांचं रक्त, लघवी, वजन आणि डोळ्यांचा पिवळेपणा तपासून लिहून ठेवला.

मेजरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रविवारची गोळी कुणाचीही बंद होणार नाही. माझे जवान प्रयोगाचे उंदीर नाहीत."

ते बरोबरच होतं. पण त्यामुळे एकच गोष्ट तपासता आली : काढ्याने अपाय होतो का. ताप काढ्यामुळे येत नाही की गोळीमुळे, हे सांगता येणार नव्हतं. अपाय दिसला नाही. ओकलेला जवान उपाशीपोटी दोन मग प्यायला होता. तीन पानी रिपोर्टमध्ये मेजरनी हे सगळं स्पष्ट लिहिलं.

नोटीस बोर्डासाठीचा मजकूर मी केला. नोटीस थोडक्यात असावी ही माझी शिस्त. मी एकच ओळ लिहिली, "काढा तपासला आहे, पिण्यास सुरक्षित आहे." खाली सही, हुद्दा, शिक्का.

इंगळेंनी तिची एक प्रत मागितली. "मायले दाखवतो."

मी दिली.

दोन महिन्यांनी इंगळे रजेवर गेले. त्यानंतर मीही रजा घेऊन मोताळ्याला आले. एका सकाळी सात चाळीसला फोन आला. इंगळेंची बायको, शोभा.

"यायच्या मोबाईलात तुमचा नंबर 'घरच्या मॅडम' म्हनून हाये. पाच दिवस झाले, ताप चढते, घाम येते, उतरते. काल चांगले बोलले. आज मले वयखून नाई राह्यले."

"रविवारची गोळी घेतली होती?"

"गोयी? ते तं नाई घेतली."

मी तिला गाडी बोलवून बुलढाण्याला निघायला सांगितलं. गाडी मिळत नव्हती. मग मीच जीप केली. राजूरचा घाट चढून, बुलढाणा आणि चिखली मागे टाकून उंद्रीला पोचले तेव्हा दहा वाजले होते.

इंगळे बाजेवर होते. डोळे पिवळे, श्वास भरभर. तापाच्या भ्रमात ते वायरलेसवर बोलत होते.

"टायगर, टायगर, चार्ली बोलतोय. मेसेज मिळाला का? ओव्हर."

दोनदा, तीनदा तेच. शेवटी मी म्हणाले, "चार्ली, मेसेज मिळाला. आउट."

ते गप्प झाले.

अंजनाबाई उशाशी काढ्याची वाटी घेऊन बसल्या होत्या. भिंतीवर माझी नोटीस होती. चिखलीला नेऊन तिला प्लास्टिक चढवलं होतं. ट्रंकेत गोळ्यांचं पाकीट होतं, न फोडलेलं. शोभा म्हणाली, "हे म्हने, फौजेनं मायचा काढा पास केला, आता गोयी काऊन घेऊ?"

त्याच जीपने आम्ही त्यांना बुलढाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं. ताप मेंदूत गेला होता. हवालदार सुखदेव इंगळे दुपारी तीन दहाला गेले. मी वेळ लिहून घेतली. सवय.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीच्या दिवशी मी परत उंद्रीला गेले. अंजनाबाईंनी मला बाजूला घेतलं.

"बाई, माह्या काढ्यानं गेला का तो?"

"नाही."

"तं मंग कायनं?"

मी म्हणाले, "तुमच्या काढ्याने अपाय झाला नाही. पण ताप थांबतो की नाही, हे आम्ही तपासलंच नव्हतं. ते मी कागदावर लिहिलं नाही."

त्यांनी माझ्यासाठी ताट वाढलं. मग म्हणाल्या, "जेवून जा."

मी जेवले. पानात काही टाकलं नाही.

गेल्या वर्षी काही डॉक्टर याच काढ्याचा अभ्यास करायला जिल्ह्यात आले. मलेरियाच्या प्रत्येक रुग्णाला गोळ्यांचा पूर्ण कोर्स, निम्म्यांना वर काढा. कुणाच्या रक्तातले जंतू आधी जातात ते बघायचं. रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत लिहायला त्यांनी मला सांगितलं. माझे गुडघे आता घाट चढताना गाडीतही दुखतात. नाही म्हणणार होते. हो म्हणाले.

कृती विचारायला आम्ही अंजनाबाईंकडे गेलो. त्यांना आता दिसायला कमी. त्यांनी डॉक्टरांना साल कशी कुटायची ते दाखवलं, आणि एकाला झापलं, "अबे, मसाला नाई कुटून राह्यला तू. हलक्या हातानं." मग शोभाला भिंतीवरची नोटीस काढायला लावली आणि कात्रीने प्लास्टिक कापायला सांगितलं.

"त्या दिवशी राह्यलं ते लिवा."

मी जुन्या ओळीखाली लिहिलं, "मलेरिया या काढ्याने थांबतो की नाही, हे तपासलेलं नाही. गोळी घेतलीच पाहिजे." खाली सही. हुद्द्यापुढे निवृत्त.

शोभाने ते मोठ्याने वाचलं. अंजनाबाईंनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग कागद इंगळेंच्या वर्दीतल्या फोटोखाली परत लागला, या वेळी प्लास्टिकशिवाय.

अभ्यासाचा निकाल अजून आलेला नाही. अपाय आणि उपाय, दोन्हीबद्दल जे असेल ते लिहायला मी थांबले आहे.

अजूनही रविवारी सात वाजता मला आपोआप जाग येते. मनात नावं पुकारली जातात. इंगळेंचं नाव आलं की मी थोडी थांबते, आणि मग पुढचं नाव घेते.

तुमची आजी