यादीतून सुटलेला क्लास

ऑफिसात त्यांना सगळे हेडमास्तर म्हणत, कारण दुसऱ्याच्या चुका काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर त्यांनीच लिहिलेलं. त्यातली माहिती नव्या सर्व्हरवर हलवायची ठरली, तेव्हा पहिलं काम यादीचं: डेटाबेसच्या टेबलांसाठी कोडमध्ये एकूण मॉडेल क्लास, म्हणजे एकेका टेबलाची रचना सांगणारे कोडचे तुकडे, किती? एक जरी सुटला, तरी त्याच्या टेबलातली माहिती कायमची गेली.

तपासणीचं काम करणाऱ्या ताईंनी एकेक फाइल उघडून वहीत नोंद केली. एक्केचाळीस. हेडमास्तरांनी दोन ओळी लिहून प्रोग्रामलाच त्याचे क्लास विचारले. त्याने चाळीस नावं पटकन सांगून टाकली.

"अहो ताई, प्रोग्राम स्वतःच्या तोंडाने सांगतोय, आणि तुम्ही बोटांवर मोजताय?"

सगळे हसले.

"सर, एकदा नावं ताडून बघू या ना."

"रिकामा वेळ फार झालाय का तुम्हाला?"

ताईंनी वही मिटली.

प्रोग्राम मोठा आळशी. लागेल तेवढीच फाइल उघडणार. न उघडलेल्या फाइलीतला क्लास त्याच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो. आधी सगळ्या फायली उघडायला लावा, मगच यादी मागा, हे हेडमास्तरच नव्या लोकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत. त्या दिवशी स्वतःच विसरले.

माहिती हलली, जुना सर्व्हर पुसला. तिसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला. "कुठल्या पेशंटला कोणतं औषध चालत नाही, ते दिसतच नाहीये."

हेडमास्तरांनी ताईंची वही उघडून नावं ताडली. तोच एक्केचाळिसावा.

कंपनीच्या मालकांनी दोघांना बोलावलं. "मोजणी कुणी केली?"

"दोघांनी मिळून, साहेब," ताई म्हणाल्या.

हेडमास्तरांना "मी" एवढाच शब्द बोलायचा होता. तो काही केल्या तोंडाबाहेर पडेना. लाजेने कान तापले, आणि मान तेवढी होकारार्थी हलली.

पुढचे दोन दिवस दोघं पेशंटना फोन लावून कोणतं औषध चालत नाही ते पुन्हा विचारत बसले. शेजारून ताईंचं "माफ करा, आमची चूक झाली" ऐकू आलं, की हेडमास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घरी जेवताना बायकोने विचारलं, "चेहरा का उतरलाय?"

"ऑफिसात एकाची मोजणी चुकली."

"बिचारा! चारचौघांत बोलला नाहीत ना हो त्याला? तुमची जीभ मला माहितीये."

"नाही," ते ताटाकडे बघत म्हणाले. "त्याला कुणीच काही बोललं नाही."