पंगतीतला डबा

हृदयविकाराच्या झटक्यानंतर आलेल्या पहिल्या वेळ अमावास्येला मला कुणीही शेतात जेवायला बोलावलं नाही.

आमच्या भागात या दिवसाला येळवस म्हणतात. सकाळी सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करून पूजा होते. मग पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीची भाकरी आणि मडक्यातली ताक-मिठाची आंबील यांची पंगत बसते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. मला शेत नाही. मुरुमला वार्ताहर म्हणून आल्यापासून दरवर्षी इतकी बोलावणी यायची, की कुणाला नाही म्हणायचं हाच प्रश्न पडायचा.

झटका त्याआधीच्या उन्हाळ्यात आला. सोलापूरला उपचार झाले. डॉक्टरांनी मीठ-तेल कमी करायला, तंबाखू सोडायला आणि रोज चालायला सांगितलं. पत्नी हयात नाही, मुलगी पुण्यात असते. स्वयंपाक स्वतः शिकलो. ज्वारीची भाकरी, मिठाशिवाय शिजवलेली डाळ, पालेभाजी, काकडी. लोणचं, पापड आणि तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी घरातून गेली. मिठाऐवजी लिंबू पिळायची सवय झाली. वजन उतरलं, रक्तदाब आटोक्यात आला.

पावसाळ्यात एका ओळखीच्या घरी बारसं होतं. पंगतीत बसलो. वाढपी समोर आला तेव्हा पिशवीतून माझा डबा काढून उघडला. यजमानांच्या आईनं विचारलं, "आमच्या घरचं पाणी तरी चालतंय का?" शेजारचे हसले. मीही हसलो.

त्यानंतर बोलावणी बंद झाली. कुणी रागावलेलं नव्हतं. "त्यांना पथ्य हाय, कशाला अवघडवायचं," असं लोक म्हणतात, हे मला केस कापताना न्हाव्याकडून कळलं.

येळवशीच्या सकाळी दुकानं बंद होती. बसस्थानकावर चहाचा गाडाही नव्हता. रोजचं चालणं म्हणून शेतांकडच्या रस्त्यानं निघालो. वाटेनं जाणाऱ्याला जेवायला हाक मारायची रीत आहे. दोन शेतांतून अनोळखी माणसांनी हाक मारली. दोघांनाही जेवून आलो म्हणून सांगितलं. जेवलो नव्हतो.

पुढचं शेत मित्राचं होतं. त्याच्या ओट्यावर बसून मी अनेक वर्षं तंबाखू मळली होती. त्यानं लांबूनच ओरडून विचारलं, "काय रं, डबा आणलास का रिकामाच आलास?"

"तू बोलावलं नाहीस."

"बोलावून काय करू? तू लिंबू चोखत बसणार, आन् आमच्या घशात घास अडकणार."

त्याची बायको कोपीतून बाहेर आली. "भाऊजी, ह्यांचं ऐकू नका. भाकरीत मीठ नसतंय. हरभऱ्याचे डहाळे हायेत. आदी सांगितलं असतं तर भज्जी येगळी काढली असती की. बसा."

मी बसलो. वहिनींनी भाकरी आणि चमचाभर भज्जी वाढली. मित्र आंबिलीचे दोन तांबे प्यायला आणि तिसरा मागितला. वहिनी मडक्याकडे वळल्या तेव्हा त्यानं खिशातली गोळ्यांची पट्टी मला दाखवली. रक्तदाबाची होती. मी घेतो तीच.

"दिवाळीपासनं चालू हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "घरी म्हाईत न्हाय."

"आणि मीठ?"

"खातो की सगळं."

"सांगितलं का नाहीस?"

"तुझी बोलावणी बंद झालेली बघितली ना." त्यानं पट्टी खिशात टाकली. "हितं बसायला मिळतंय तवर बसतो."

वहिनी आल्या. त्यानं तांब्या पुढं केला, त्यांनी भरला, त्यानं संपवला. निघताना तो बांधापर्यंत आला. रात्रीपर्यंत तू घरी सांग, नाहीतर सकाळी येऊन मी सांगतो, असं त्याला म्हटलं.

"पेपरातच छाप की," तो म्हणाला आणि मागं वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चौकात उभा होता. कानाला मफलर गुंडाळलेला, पायात मुलाचे बूट.

"सांगितलंस?"

"सांगितलं. चटणीची बरणी माळ्यावर गेली. रात्री माझ्याशी कोण बोललं न्हाय."

आम्ही उमरग्याच्या रस्त्यानं पुलापर्यंत चाललो आणि परत आलो. वाटेत त्याचा हात सवयीनं दोनदा तंबाखूच्या खिशाकडे गेला.

दुपारी वहिनींचा फोन आला. मिठाशिवाय डाळ कशी करतात, ते त्यांना विचारायचं होतं. जिरं आणि लसूण जास्त घालायचा, लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, असं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं आणि फोन ठेवला. जेवायला या, असं त्या म्हणाल्या नाहीत.