निकाल राखून ठेवलेली कुस्ती

कुणाला हात द्यायचा असला की पहिलवान आधी उजवा तळवा मांडीवर पुसायचा. समोर कोण आहे हे बघायचा नाही. आखाड्यातला जोडीदार असो, कापूस घेऊन आलेला शेतकरी असो, नाहीतर एखादं शेंबडं पोर असो, आधी तळवा पुसणार, मग हात पुढे करणार. मी एकदा चेष्टेनं विचारलं, पहिलवान, हाताला काय शेण लागलंय का? तर म्हणाला, "हात देना म्हंजे शब्द देना शे, नाना. मळेल हात कसाले देवाना?"

मी प्रकाशा गावचा. मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. लग्न, कीर्तन, पुढाऱ्याची सभा, जिथे माणसं जमतात तिथे माझे भोंगे. तापीकाठच्या यात्रांमध्ये कुस्त्यांची दंगल भरते, तिथे भोंगा माझा, म्हणून हळूहळू जीभही माझीच झाली. कोण पट काढतोय, कोण ढाक मारतोय, कोण नुसताच घाम गाळतोय, हे मी माइकवरून सांगतो. लोक म्हणतात, नाना बोलायला लागला की मेलेली कुस्ती उठून बसते. तर असा मी बडबड्या माणूस. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या गप्प बसण्याची गोष्ट यायची आहे.

पहिलवान शहाद्याचा, पिंजाऱ्याच्या घरातला. पावसाळ्यात कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. यात्रा सुरू झाल्या की लंगोट उचलून निघायचा. खानदेश, खाली गुजरात, वर मध्य प्रदेश, जिथून बोलावणं येईल तिथे. घर कुस्तीवर चालायचं, गाद्यांचं काम फक्त हात मऊ राहू नयेत म्हणून, असं तो म्हणायचा. नवीन पोरं मॅटवर खेळायला लागली तेव्हा मी विचारलं, तुम्ही कधी जाणार गादीवर? म्हणाला, "गाद्या मी इकस, नाना. खेळस नही."

त्याचा सरावाचा जोडीदार खात्र्या. मोलगीच्या पुढे, डोंगरात, जीप जिथे थांबते तिथून आणखी बरंच चालल्यावर त्याचा पाडा. ऊसतोडीला खाली आला होता, पहिलवानानं त्याचे खांदे बघितले आणि ठेवून घेतला. दोघं सकाळी एकमेकांना मातीत लोळवायचे आणि मग एकाच ताटात भाकरी मोडायचे. खात्र्या जेमतेम बोलायचा. पहिलवान म्हणायचा, हे बरं आहे, एक नाना पुरे.

त्या वर्षीच्या यात्रेत पहिलवानानं शेवटून दुसरी कुस्ती मारली. मोठी कुस्ती झाली. फेटा बांधायला आपले पुढारी साहेब आखाड्यात उतरले आणि खुशीत येऊन म्हणाले, पहिलवान, माग काय मागायचं ते. लोकांना वाटलं, नोकरी मागेल, प्लॉट मागेल. हा म्हणाला, खात्र्याच्या पाड्याला रस्ता द्या. तिथलं आजारी माणूस बांबूला झोळी बांधून खाली आणावं लागतं.

साहेब हसले. म्हणाले, झाला म्हणून समज. आणि हात पुढे केला. पहिलवानानं तळवा मांडीवर पुसला आणि त्यांचा हात हातात घेतला. मीच माइकवरून ओरडून सांगितलं, मंडळी, रस्ता मंजूर! टाळ्या अशा पडल्या की पलीकडच्या काठावर ऐकू गेल्या असतील.

रस्ता काही झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात खात्र्याची बायको अडली. पहिलवान तेव्हा पाड्यावरच होता, पाहुणा म्हणून गेलेला. झोळीच्या बांबूला एका बाजूनं खात्र्याचा खांदा, दुसऱ्या बाजूनं पहिलवानाचा. दगडाधोंड्यांतून, नाल्यांतून उतरत उतरत जीपपर्यंत पोचले तेव्हा बाई गेलेली होती, पोटातल्या जीवासकट.

परत आल्यावर किती दिवस तो माझ्या दुकानात येऊन नुसता बसायचा. चहा गार व्हायचा. एकदा आपणहून बोलला.

"मोठा मोठा पहिलवान खांदावर उचलात मी, नाना. ती बाई हलकी व्हती. पन पाय कोठे ठेवाना?"

मी चहा बदलून आणायला सांगितला.

मग पुन्हा यात्रा आली. या खेपेला त्याचं नाव शेवटच्या कुस्तीला लागलं, चांदीच्या गदेसाठी. समोर कळसाडीचा जवान पहिलवान, ऊसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, हाडापेरानं असा की उभा राहिला तर मागचं दिसत नाही. पहिलवानाचं वय उतरणीला लागलेलं. गदा आयुष्यात एकदाच दारात येते, आणि ती आलेली होती. लोक झाडांवर चढून बसले होते.

आमच्याकडे शेवटची कुस्ती पाहुण्याच्या हातानं लावतात. पाहुणा आखाड्याच्या मधोमध येतो, दोन्ही पहिलवानांचे हात धरतो, एकमेकांच्या हातात देतो आणि बाजूला होतो. तोवर कुस्ती सुरू होत नाही. आणि पाहुणे कोण, तर तेच साहेब.

साहेबांनी कळसाडीच्या पोराचा हात धरला. दुसरा हात पहिलवानाकडे केला. पहिलवानानं आपला उजवा हात पाठीमागे नेला.

आधी कुणाला कळलंच नाही. साहेबांनी पुन्हा हात पुढे केला. पहिलवान तसाच उभा, हात पाठीशी, मान ताठ. ढोलवाले थांबले. एवढी माणसं आणि आवाज नाही. मला दंगलीत शांतता सहन होत नाही, माझा धंदाच तो. मी माइक घेऊन जवळ गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, पहिलवान, खेळात राजकारण नको. मला तसंच वाटत होतं. खोटं कशाला सांगू, आजही बऱ्याचदा वाटतं. माणूस घरच्या कटकटी विसरायला कुस्ती बघायला येतो.

पहिलवान मोठ्यानं बोललाच नाही, पण माइक तोंडाजवळ होता. सगळ्या यात्रेनं ऐकलं.

"राजकारण मी नही आनं, नाना. मन्हा हात कोन धरी ऱ्हायना, ते देखा."

मग साहेबांकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाला, साहेब, मागचा हात अजून बाकी आहे. तो पुरा झाला की दुसरा देतो.

साहेब वळून मंचावर गेले. यात्रा कमिटीनं कुस्ती रद्द केली. गदा जशी कापडात आली होती तशीच कापडात गेली. कळसाडीचा पोरगा अंगाला माती लावून मधोमध उभाच होता, आता कुणाकडे बघावं हे त्याला कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोरून तो पोरगा अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहाद्याला गेलो तो भांडायलाच. म्हणालो, बोलायचं होतं तर मोर्चा काढायचा. नंदुरबारला कलेक्टर कचेरी कशाला आहे?

"मोर्चामा गयथू मी. तठे मी हजारमा एक टोपी, नाना. आठे मी पहिलवान शे."

मग मी माझ्याकडचा खरा डाव टाकला. म्हटलं, तुमचं ठीक. त्या पोरानं वर्षभर जोर-बैठका काढल्या, बापानं म्हशी त्याच्यासाठी राखल्या, त्याच्या घामाचं काय? त्यानं कुणाचा रस्ता अडवला होता?

पहिलवान कापूस पिंजत होता. हात थांबला. कापसाकडे बघतच म्हणाला, हे खरं आहे. एवढंच. मला वाटलं होतं तो वाद घालेल. त्यानं मान्य केलं, आणि भांडायला आलेला मी रिकाम्या हातानं घरी आलो.

त्यानंतर बोलावणी बंद झाली. एकाही यात्रेचं निमंत्रण नाही. आणि चावडीवर, चहाच्या टपरीवर एकच बोलणं, म्हातारा पहिलवान पोराला घाबरला, हरायची लाज वाटली म्हणून रस्त्याचं नाटक केलं. कुस्ती खेळणाऱ्या माणसाला भित्रा म्हणणं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारा. ती बाजारात जायची बंद झाली. हा मात्र ऐकायचा आणि गाद्या भरायचा.

एक दिवस दुकानात येऊन उभा राहिला. पाठीमागे खात्र्या. म्हणाला, नाना, चला कळसाडीला. भोंगा नको, नुसतं तोंड घ्या.

कळसाडीला त्या पोराच्या शेतात, उसाच्या मधोमध, त्यांचा घरचा आखाडा होता. पोरगा लंगोट लावून तयार. त्याचा बाप बांधावर बसलेला, तोंड फिरवून. पहिलवान आधी त्या बापाकडे गेला, तळवा पुसून हात पुढे केला आणि म्हणाला, दादा, तुमच्या पोराची एक कुस्ती माझ्याकडे राहिलीय, ती द्यायला आलोय. बापानं बराच वेळ हात घेतला नाही. मग घेतला, आणि तोंड इकडे करून बसला.

कुस्ती लावली खात्र्यानं. त्यानं दोघांचे हात धरले. एकमेकांच्या हातात दिले आणि बाजूला झाला. पहिलवान माझ्याकडे बघून म्हणाला, "नाना, बोला."

आणि मी बोललो. माइक नाही, भोंगा नाही, ऐकायला खात्र्या, एक बाप आणि सभोवती ऊस. पण देवाशपथ सांगतो, तसा मी आयुष्यात कधी बोललो नाही. कारण तशी कुस्ती मी कधी बघितली नाही. पोराचं बळ म्हणजे तापीचा पूर, आणि पहिलवान त्याच्यात पाय रोवून उभा. एकदा पोरानं पट काढून त्याला कमरेइतका उचलला, मला वाटलं संपलं. तर हवेतल्या हवेत वळून हा पायांवर उतरला. एकदा पहिलवानानं ढाक मारली, पोराचा एक खांदा टेकला, दुसरा टेकायच्या आत पोरगा निसटला. दोघांच्या अंगावरची माती घामानं वाहून गेली. बाप केव्हाचा उभा राहिला होता. तो आपल्या पोराला शाबास म्हणत होता की पहिलवानाला, त्याचं त्यालाही कळत नसेल. माझा घसा बसला, तरी मी बोलत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही येऊ दिलं.

आणि मग एकाची पाठ मातीला लागली. दोन्ही खांदे. चितपट. त्यात शंकेला जागाच नव्हती.

वरचा आणि खालचा, दोघंही हसत होते. एकमेकांना धरून उठले. पोरानं पहिलवानाच्या पायांना हात लावला.

मी म्हणालो, आता मी गावोगाव सांगतो. लोकांना कळू दे. पहिलवान म्हणाला, सांगा, जरूर सांगा. कुस्ती झाली हे सांगा. फक्त कोण पडलं ते सांगू नका.

मी चिडलो. म्हटलं, का म्हणून? तुम्हाला भित्रा म्हणतात ते तसंच चालू द्यायचं?

"म्हनू द्या. लोक तुम्हले इचारतीन, कोन पडना. तुम्ही त्यास्ले इचारा, रस्ता व्हयना का. जवय रस्ता व्हई, तवय सांगा."

काय माणूस हो! ज्या एका गोष्टीसाठी पहिलवान जन्मभर माती खातो, ती इभ्रत त्यानं खिळा ठोकावा तशी त्या डोंगराच्या वाटेवर ठोकून ठेवली. पोराला त्यानं विचारलं, तुझी तयारी आहे का, नावाचा प्रश्न तुझाही आहे. पोरानं तळवा मांडीवर पुसला आणि हात दिला. बापानं दिला. खात्र्यानं दिला. मग पहिलवान माझ्यासमोर आला आणि तळवा पुसून हात पुढे केला. माझा हात घामानं ओला होता. मीही तो धोतराला पुसला.

झालं, तेव्हापासून माझ्या मागे लोकांचा ससेमिरा. लग्नात मंडप घालायला जावं, तर नवरदेवाचा मामा कोपऱ्यात घेऊन विचारणार, नाना, कोण पडलं? मी विचारणार, रस्ता झाला का? कुठला रस्ता, म्हणून तो विचारणार, आणि मग मला सगळं सांगावं लागणार. मोलगीच्या पुढच्या त्या पाड्याचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं, ते आता विचारतात, यंदा तरी काम सुरू झालं का. एका सभेनंतर खुद्द साहेबांनी मला गाडीत बसवलं आणि हळूच म्हणाले, आम्हाला तरी सांगा. मी म्हणालो, साहेब, रस्ता? ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. त्यानंतर त्यांच्या सभांचं काम दुसऱ्याकडे गेलं. जाऊ दे.

मागच्या हिवाळ्यात पहिलवान गेला. कापूस पिंजता पिंजता छातीत कळ आली, तिथेच कापसात आडवा झाला. शहाद्यात दुकानं बंद राहिली. कब्रस्तानात कोण नव्हतं! आम्ही प्रकाशाचे, कळसाडीचे, डोंगरातून रात्रभर चालत आलेले खात्र्याचे भाऊबंद. माती द्यायची वेळ आली तेव्हा कळसाडीचा तो पोरगा पुढे झाला. आता तोच जिल्ह्यातला मोठा पहिलवान. खाली वाकायच्या आधी त्यानं उजवा तळवा मांडीवर पुसला. मग मूठभर माती उचलली. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस तशातही कुजबुजला, नाना, आता तरी सांगा.

यंदाच्या दिवाळीत खात्र्या येऊन गेला. मशीन लागलंय म्हणाला. जीप थांबते तिथून पहिल्या नाल्यापर्यंत खडी पडली आहे, पुढे पुन्हा तीच पायवाट. म्हणजे निम्मासुद्धा नाही. मी म्हणालो, खात्र्या, मी म्हातारा झालो, मी गेलो तर? तो कधी नव्हे ते बोलला. म्हणाला, तुम्ही गेलात तरी कळसाडीचा आहे, मी आहे.

जन्मभर निकाल ओरडून सांगण्यावर माझं पोट भरलं, आणि जो सगळ्यात मोठा तो पोटातच राहिलाय. फार जड आहे हो. कधी रिकाम्या दुकानात माइक चालू करतो, ओठांपर्यंत नाव येतं, आणि मी माइक बंद करतो.

इथवर वाचलंत, तेव्हा तुम्हालाही राहवत नसेल. विचाराच. मोलगीला जायला जीपा मिळतात. तिथून पुढे पाड्यापर्यंत जाऊन या, आणि येताना प्रकाशाला उतरून मला एवढंच सांगा, रस्ता झाला का?